भिंतीवरची रेघ

नारायण पेठेतला आमचा वाडा आता उरलेला नाही. त्या जागी चार मजल्यांची इमारत उभी आहे आणि जिथे आमची विहीर होती तिथे आता मोटारी उभ्या राहतात. वाड्यातली म्हणावी अशी एकच वस्तू माझ्याजवळ आहे. ती म्हणजे शंभर पानांची एक वही. तिच्या पुठ्ठ्यावर गाळाने भरलेल्या बोटांचे ठसे आहेत, आणि आत पहिल्याच पानावर माझ्या आजीच्या वाकड्यातिकड्या बाळबोध अक्षरात लिहिले आहे: ‘ओल्याची यादी’.

सणासुदीला पुराची गोष्ट कशाला काढता, असे कोणी म्हणेल. पण दिवाळीच्या आधी घरोघर माळे उतरतात, ट्रंका उघडतात, गाद्या उन्हात पडतात. आमच्याकडे त्या आवराआवरीत दरवर्षी ही वही हाती येते, आणि ती हाती आली की पुढचा तासभर काम थांबते. यंदा ती पुन्हा वाचताना वाटले की, हा केवळ आमच्या घरचा इतिहास नव्हे. बुडालेले घर माणसे पुन्हा कसे उभे करतात आणि त्या उभारणीचा भार कोणी उचलायचा, ह्या प्रश्नाचा तो इतिहास आहे.

१२ जुलै १९६१, बुधवार. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आंबी नदीवरचे पानशेतचे धरण अजून पुरते बांधून झालेले नव्हते, तरी त्यात पाणी साठले होते; आणि त्या आठवड्यात पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. आदल्या रात्री लष्कराचे जवान वाळूची पोती रचून धरणाची खचणारी बाजू सावरीत होते. त्यांच्या त्या मेहनतीने काही तास मिळाले. ते मिळाले नसते तर पाणी रात्रीच्या अंधारात शहरात शिरले असते आणि ही हकीकत सांगायला मी उरलो असतो की नाही, कोण जाणे! सकाळी पानशेत फुटले. ते सगळे पाणी खाली मुठेवरच्या खडकवासल्याला येऊन धडकले. एकोणिसाव्या शतकातले ते दगडी धरण काही तास तगले, आणि मग तेही गेले.

शाळेतून आम्हांला घरी पिटाळले तेव्हा रस्त्याने माणसे धावत होती. “पाणी आलं, पाणी आलं!” एवढेच शब्द ऐकू येत होते. आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, खालच्या चौकातल्या आपल्या छापखान्यात कागदाची रिमे पोटमाळ्यावर चढवीत होते. आईने धाकटीला कडेवर घेतले. आजीने देव पदरात बांधले, दस्तऐवजांची पेटी उचलली आणि अण्णांना म्हणाली, “कागद राहू दे. माणसं आधी.” आम्ही सदाशिव पेठेच्या वरच्या अंगाला एका नातेवाइकांकडे गेलो. तिथल्या गच्चीवरून काही दिसत नव्हते, पण नदीच्या बाजूने एक घुमणारा आवाज येत होता, तो मला अजून आठवतो. लकडी पूल पाण्याखाली गेल्याची बातमी आली तेव्हा अण्णा मटकन खाली बसले. लकडी पूल गेला म्हणजे आपली गल्ली गेलीच, हे सांगायला कोणी लागले नाही.

रात्री पाणी उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत आलो. वाडा उभा होता. दार मात्र आत गाळ साठल्याने उघडेना. ते उघडले तेव्हा आधी वास आला आणि मग ती रेघ दिसली. चौकाच्या चारी भिंतींवर, पुरुषभर उंचीच्याही वर, सुतार ओळंबा लावून आखतो तशी सरळ तपकिरी रेघ. रेघेच्या वर आमचे घर होते; खाली नदीचे.

आता गंमत पाहा. ज्या शहरात पाण्याने हाहाकार केला, त्या शहरात दुसऱ्या दिवशी गाळ धुवायला पाणी नव्हते! खडकवासला गेला, त्याबरोबर नळही गेले. जुन्या विहिरी आणि पेशव्यांच्या काळातले हौद, ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, त्यांना पुन्हा दिवस आले. आमची विहीर गाळाने भरली होती. गल्लीतल्या माणसांनी ती उपसली, तिच्यात लाल औषध टाकले, आणि तिचे पाणी पिण्याला नव्हे तर फक्त धुण्याला घ्यायचे असे ठरले. कॉलऱ्याची सुई टोचून घेण्यासाठी आम्ही मुले रांगेत रडत उभी होतो.

त्याच दिवशी आजीने वही मागवली. घर आवरायला आलेल्या शेजाऱ्यांनी ओल्या वस्तू रस्त्यावर फेकायला सुरुवात केली होती. आजी दारात उभी राहिली. “लिहिल्याशिवाय एक काडी बाहेर जायची नाही,” असे तिने सांगितले. आईला हसू आले, अण्णांना राग आला. पण आजी विधवा होऊन चाळीस वर्षे घर चालवीत आली होती, आणि काय होते हे लिहून ठेवले नाही की पुढे ते नव्हतेच असे ठरते, हा तिचा अनुभव होता. म्हणून वहीत पहिली नोंद आहे: ‘गाद्या पाच, पैकी दोन बऱ्या’. मग तांब्यापितळेची भांडी, वाहून गेलेली आणि राहिलेली. ज्वारीचे पोते एक, ‘फुगले, टाकले’. आणि छापखान्याच्या सदरात, ‘खिळ्यांच्या केसा सर्व गाळात, ट्रेडल बसले आहे’. प्रत्येक वस्तूपुढे कधी घेतली आणि अंदाजे किती रुपयांना, हेही तिने अण्णांकडून वदवून घेतले.

पुराने घर पडते ते पुराच्या दिवशी, असा समज असतो. पेठांत ज्यांनी तो पूर पाहिला त्यांना ठाऊक आहे की, कित्येक भिंती ऊन पडल्यावर पडल्या. पांढरीच्या मातीची जाड भिंत पाणी पिऊन मऊ होते, पण चहूबाजूंनी पाण्याचा दाब असेतो उभी राहते. पाणी ओसरले की तो आधार जातो. वरून माळवदाचे ओझे तसेच असते. आमच्याकडे आलेल्या म्हाताऱ्या गवंड्याने पहिल्या तासात दोन कामे केली. तुळयांना लाकडी टेकू दिले, आणि आम्हांला त्या भिंतींपासून दूर राहायला सांगितले. मग त्याने रेघेच्या हातभर वरपर्यंतचा सगळा गिलावा खरवडून काढला. चांगला दिसणाराही काढला, तेव्हा अण्णा कळवळले. तो म्हणाला, “आत ओल ठेवून वरून बंद केलं, तर भिंत आतून सडंल. तिला श्वास घेऊ द्या.”

त्याच्या म्हणण्यात पुरते शास्त्र होते. पाण्याबरोबर मातीतले आणि विटांतले क्षार विरघळतात. भिंत वाळताना ते पाण्यासंगे पृष्ठभागाकडे येतात आणि तिथे पांढरी बुरशी वाटावी असे फुलून गिलाव्याला ढकलून पाडतात. ह्यालाच आपण लोणा म्हणतो. चुन्याच्या गिलाव्यातून वाफ बाहेर जाते. सिमेंटच्या गिलाव्यातून ती सहज जात नाही. आमच्या समोरच्या बिऱ्हाडाने घाई करून गणपतीच्या आत सिमेंटचा गिलावा केला, भिंत झकास दिसू लागली. पुढच्या पावसाळ्यात तिला कंबरेपर्यंत लोणा चढला. आमच्या भिंती मात्र दिवाळीपर्यंत उघड्यानागड्या राहिल्या.

कागदांचे आणखी निराळे. ओल्या कागदाला एकदोन दिवसांतच बुरशी धरू लागते. आजीने अण्णांच्या खतावण्या उन्हात घालू दिल्या नाहीत. उन्हाने पाने वाकतात आणि एकमेकांना चिकटतात. सावलीत, वाऱ्याला, पानापानांत टिपकागद आणि कोरी रद्दी घालून, ती रोज बदलून, तिने त्या वाळवल्या. पाच वर्षांनी, ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीत आर्नो नदीने फ्लॉरेन्स शहर बुडवले. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातली लाखो पुस्तके चिखलात गेली, देशोदेशींचे तरुण ती काढायला धावले, आणि तिथूनच ग्रंथसंरक्षणाचे आधुनिक शास्त्र वाढीस लागले. त्याविषयी मी पुढे वाचले तेव्हा टिपकागद घातलेल्या पानांची छायाचित्रे पाहून मला आमचा माजघराचा दोर आठवला. आजीने हे कोठे शिकले होते? पापड वाळवताना, असे मला वाटते.

आता विम्याची गोष्ट. अण्णांनी छापखान्याचा विमा उतरवलेला होता. कागद, रॉकेल आणि रूळ धुण्याचे द्रव्य ह्यांच्या संगतीत राहणाऱ्या माणसाला आगीचे भय असते; शिवाय यंत्रासाठी कर्ज देताना बँकेने तशी अटच घातली होती. दरवर्षी नेमाने हप्ता जाई. पेटीतून विमापत्र निघाले, ते कोरडे होते. अण्णांच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यात पहिल्यांदा रंग आला. त्यांनी आजीच्या यादीची नक्कल जोडून पत्र धाडले. उत्तर आले ते चार ओळींचे. विमा आगीचा आहे, पुराची जोखीम घेण्यासाठी वेगळा हप्ता भरून शेरा घ्यावा लागतो, तो घेतलेला नाही, सबब दिलगिरी. कंपनीचे काही चुकले नव्हते. अण्णांनी ते पत्र दोनदा वाचले, घडी घालून पेटीत ठेवले, आणि कोणाशी न बोलता गाळातले खिळे धुवायला बसले. जे झिजले, वाकले, ते वितळवण्यासाठी वजनावर विकले. वहीत त्या विक्रीचीही नोंद आहे.

पुराचा विमा असा वेगळा का ठेवला गेला, ह्याचे कारण विम्याच्या इतिहासात आहे. १६६६ मध्ये लंडन जळाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत निकोलस बार्बन ह्या गृहस्थाने घरांचा आगीचा विमा सुरू केला. आग कोणाच्याही घराला लागू शकते, पण एका वेळी थोड्यांच्याच घराला लागते; म्हणून हजारांनी थोडे थोडे भरावे आणि एकाला द्यावे, हा हिशेब जमतो. पुराचे तसे नाही. टेकडीवरचा माणूस पुराचा विमा घेणार नाही, नदीकाठचाच घेणार. आणि पाणी आले की सगळ्यांचे दावे एकाच दिवशी येणार! म्हणून विमा कंपन्या पुरापासून चार हात दूर राहिल्या. अमेरिकेत १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरानंतर खासगी कंपन्यांनी ह्या धंद्यातून अंग काढले, आणि अखेर १९६८ साली सरकारलाच पूरविम्याचा कायदा करावा लागला. इंग्लंडमध्ये सरकार आणि विमा कंपन्या ह्यांच्यात सामान्य घरांनाही पुराचे संरक्षण देण्याविषयी तोंडी समजुतीचा करार झाला, तो साल १९६१ चा. ज्या वर्षी अण्णांना ते चार ओळींचे पत्र आले, तेच वर्ष.

आपल्याकडे सर्वसाधारण विम्याची पहिली कंपनी, ट्रायटन, १८५० साली कलकत्त्यात निघाली ती इंग्रजांची. मुंबईत १९०७ साली इंडियन मर्कंटाइल आणि १९१९ साली दोराबजी टाटांची न्यू इंडिया अशा देशी कंपन्या उभ्या राहिल्या. पण त्यांचे लक्ष गिरण्या, गोदामे, जहाजे ह्यांच्याकडे. राहत्या घराचा विमा उतरवणे म्हणजे अपशकुन, असे मानणारी माणसे आमच्या गल्लीतही होती. १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले तरी आग, पूर, चोरीचा विमा खासगी हातांतच होता. तो १ जानेवारी १९७३ पासून सरकारी झाला आणि शंभरावर कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या.

तेव्हा १९६१ मध्ये पेठांतल्या माणसांना आसरा होता तो पंचनाम्याचा. सरकारी माणसे घरोघर फिरली. मदत मिळाली, कर्जे मिळाली; पुनर्वसनाच्या कामाची धुरा स. गो. बर्वे ह्यांच्यासारख्या कर्तबगार प्रशासकाकडे होती. गोखलेनगरला अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट उभ्या राहिल्या, सहकारनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती वसल्या. पूरग्रस्तांच्या शंभराहून अधिक सहकारी गृहसंस्था झाल्या. आज ज्याला आपण पुण्याची उपनगरे म्हणतो त्यांतली कित्येक अशी गाळातून उगवली आहेत. मात्र त्या जमिनींच्या मालकीचा प्रश्न पुढे अनेक दशके सरकारदरबारी फिरत राहिला, हेही सांगितले पाहिजे.

अण्णांना पंचनाम्यासाठी रांगेत उभे राहणे जड गेले. “लोकांची घरं वाहून गेली, आपलं उभं आहे. मी कोणत्या तोंडानं मागू?” असे ते म्हणाले. त्या रात्री आजी जे बोलली ते मी पांघरुणाआडून ऐकले. “धरण तू बांधलं नव्हतंस. फुटलंय ते सरकारचं. हे दान नव्हे, घेताना मान खाली घालू नकोस. पण जेवढं गेलं तेवढंच सांग. वहीबाहेरचं एक भांडंही सांगू नकोस.” दुसऱ्या दिवशी अण्णा वही घेऊन गेले. पंचनामा करणाऱ्या कारकुनाने ती चाळली आणि आपले कागद बाजूला सारून तीच उतरवून घेतली. धंद्यासाठी मिळालेल्या त्या छोट्या कर्जावर ट्रेडल पुन्हा फिरले. पहिले काम आले ते एका लग्नपत्रिकेचे.

त्यानंतर विम्याच्या जगात बरेच पाणी वाहून गेले. २००१ साली आगीच्या प्रमाणित विम्यातच वादळ आणि पूर ह्यांचा समावेश झाला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईकरांना कळले की नदीकाठी न राहणाऱ्यालाही पूर गाठतो. २०१९ साली सांगली-कोल्हापूर आणि २०२१ साली चिपळूण बुडाले. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने ‘भारत गृह रक्षा’ नावाचे सर्व कंपन्यांना समान असे विमापत्र आणले. त्यात पूर आहे. इमारतीच्या विम्याच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, घरातल्या सामानाचाही त्यात यादी न देता समावेश होतो. आणि घराची किंमत कमी सांगितली म्हणून भरपाई त्या प्रमाणात कापण्याचा जुना नियमही त्यात गेला आहे. अण्णांनी हे पाहायला हवे होते.

मुठेने मात्र आमची ओळख विसरली नव्हती. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यालगतच्या वस्त्यांत तिचे पाणी शिरले. माझा मुलगा तिथे तळमजल्यावर राहतो. सकाळी सूनबाईंचा फोन आला, “बाबा, कमरेएवढं पाणी आहे. आम्ही वरच्या मजल्यावर सुखरूप आहोत.” मी विचारले, “माणसं सगळी वर आहेत ना?” आणि मग म्हणालो, “पाणी उतरलं की काही फेकायच्या आधी लिही.” त्यांनी लिहिले, आणि हातातल्या फोनने भिंतीवरच्या रेघेसकट एकेका वस्तूचे छायाचित्रही घेतले. त्याच दिवशी कंपनीला कळवले. विजेचे मुख्य बटण बंद ठेवले, वायरमनने तपासल्याशिवाय एकही दिवा लावला नाही. दारे-खिडक्या उघडून पंखे लावले ते त्यानंतर. नुकसान वाढू न देणे हे विमा घेणाऱ्याचेही कर्तव्य असते. भरपाई मिळणार म्हणून ओले सामान तसेच कुजत ठेवता येत नाही. पण सर्वेक्षक येईतो ते नाहीसेही करता येत नाही. ह्या दोहोंमधली वाट म्हणजे सामान उन्हावाऱ्याला काढणे, आणि टाकावेच लागले तर त्याचा तुकडा, पाटी किंवा छायाचित्र जपणे.

चौथ्या दिवशी सर्वेक्षक आला. भला माणूस होता, पण त्याला पुरावा हवा होता. जे यादीत आणि छायाचित्रांत होते ते त्याने मानले. शेजाऱ्यांनी मदतीच्या भरात पहिल्याच दिवशी कचऱ्याच्या गाडीत टाकलेले एक कपाट आणि गाद्या ह्यांचे काही मिळाले नाही. मुलगा चिडला. विमा लोकपालाकडे जाण्याची वाट होती. पण कागद पाहून त्यानेच ती सोडली. मागितले त्यातले बरेचसे, सगळे नाही, काही महिन्यांनी बँकेत जमा झाले. नातवाची भिजलेली चित्रांची वही मात्र कोणत्याच सदरात बसली नाही. ती आम्ही टिपकागद घालून वाळवली.

पैसे जमा झाल्याच्या दिवशी मुलगा मला म्हणाला, “बाबा, आजोबांना असं पत्र आलं असतं तर?” मी उत्तर दिले नाही. पंचनाम्याची मदत आणि विम्याची भरपाई ह्या दोन्ही गोष्टी मी एका घरात पाहिल्या. एकीत देणाऱ्याचे मन लागते, दुसरीत घेणाऱ्याची सही. ज्याला हप्ता परवडतो त्याने सही करावी, आणि करण्याआधी पानामागचे बारीक अक्षर वाचावे. ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी शासनाचे मन जागे राहिलेच पाहिजे. कारण नदीकाठच्या झोपडीला टेकू देणारे दुसरे कोणी नाही. पण दोन्हीकडे शेवटी विचारतात ते एकच: तुमचे काय होते, आणि काय गेले?

१९६१ ची दिवाळी पुरानंतर चार महिन्यांनी आली. भिंती वाळल्या होत्या. गवंड्याने चुन्याचा गिलावा केला, चुन्याची सफेदी दिली. देवघराशेजारी एक हातभर जागा मात्र आजीने तशीच ठेवायला लावली. तिथे ती तपकिरी रेघ दिसत असे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आजीने त्या रेघेखालच्या देवळीत एक पणती ठेवली. अण्णांनी विचारले, “ही कशाला?” आजी म्हणाली, “इथवर आलं होतं, हे लेकरांना कळू दे.”

वाडा पाडला तेव्हा ती भिंतही गेली. यंदा मुलाच्या घरी रंग काढताना सूनबाईंनी रंगाऱ्याला स्वयंपाकघराच्या दाराआडचा एक कोपरा सोडायला सांगितला. मी काही बोललो नव्हतो. वही तिनेही वाचली आहे.